दप्तर उघडत नाहीं तेव्हां

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो ऐकून कांहीं श्रोत्यांना वाटेल कीं हा विषय कचेरींतल्या जाणत्या मंडळींचा. आपल्या घरसंसाराशीं त्याचा संबंध काय? परंतु आपल्या गृहनिर्माण संस्थेची वर्गणी, मुलांचें गुणपत्रक, पतपेढींतली ठेव, दवाखान्यांतला जुना केसपेपर आणि वाचनालयांतून आणलेल्या कादंबरीची तारीख हें सारें आतां वह्यांमधून उठून संगणकांत जाऊन बसलें आहे. ज्या कोठारांत तें बसलें आहे त्याला डेटाबेस म्हणतात, आणि त्या कोठाराच्या दाराशीं अहोरात्र जागत राहून, विचारील त्याला हवें तें टिपण काढून देणारी जी आज्ञावली, तिला डेटाबेस सर्व्हर म्हणतात. आपल्याकडे कागदपत्रांच्या सांठ्याला दप्तर व तें सांभाळणाऱ्याला दप्तरदार म्हणण्याची जुनी चाल आहे. हेच दोन शब्द मी आज वापरणार आहें. हा दप्तरदार एके दिवशीं काम करीनासा झाला तर काय करावें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे काय करूं नये, एवढाच आजचा प्रश्न आहे.

पूर्व उपनगरांतील एका जुन्या वाचनालयाचे कार्यकर्ते माझ्या परिचयाचे आहेत. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांनीं आपल्या सर्व नोंदी संगणकावर नेल्या. सभासदांचीं नांवें, त्यांच्या अनामत रकमा, कोणतें पुस्तक कोणाकडे गेलें व केव्हां परत आलें हें तर त्यांत होतेंच. शिवाय कित्येक दुर्मिळ मराठी ग्रंथांची एक सूची होती, जी तेथील ग्रंथपाल बाईंनीं दोन उन्हाळे खपून तयार केली होती. काम पुरें झालें आणि जुन्या वह्या जागेच्या अडचणीमुळें रद्दींत गेल्या. पुढें एका जून महिन्यांत, शनिवारीं सकाळीं, वाचनालयाचें दार उघडलें, पंखे फिरूं लागले, संगणकाचा पडदाहि उजळला. दप्तर मात्र उघडेना. सर्व्हरशीं संबंध जोडतां येत नाहीं, एवढें एकच वाक्य पुनःपुन्हां पडद्यावर येई.

मला बोलावणें आलें. मी पोहोंचलों तेव्हां दारांत सभासदांची रांग लागली होती, बाईंचा चेहरा उतरला होता, आणि संगणकापुढें एक हुशार व उत्साही तरुण स्वयंसेवक बसला होता. तो मला म्हणाला, "काका, रोग सांपडला. डिस्क भरून गेली आहे. आंत लॉग नांवाचा एक फोल्डर आहे, त्यानेंच सारी जागा खाल्ली आहे. लॉग म्हणजे जुन्या टिपणांचा केरच कीं! पुसून टाकतों, पांच मिनिटांत चालू होईल." त्याचें बोट कळीवर होतें. मीं त्याला थांबविलें. कां थांबविलें, तें सांगणें हाच आजच्या भाषणाचा हेतु आहे. पण त्यासाठीं आधीं या दप्तरदाराची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

त्या वाचनालयांतील दप्तरदाराचें नांव पोस्टग्रेस्‌क्यूएल. बोलण्यांत नुसतें पोस्टग्रेस. सर्व टिपणें एकाच बाडांत न कोंबतां निरनिराळ्या तक्त्यांत मांडावीं आणि तक्त्यांचें नातें समान खुणेनें जुळवावें, ही कल्पना एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडली. सभासदांचा तक्ता वेगळा, पुस्तकांचा वेगळा, देवघेवीचा वेगळा. देवघेवीच्या तक्त्यांत नांवें नसतात, केवळ सभासदाचा व पुस्तकाचा क्रमांक असतो. या कल्पनेच्या आधारावर अमेरिकेंतील बर्कली येथील विद्यापीठांत मायकेल स्टोनब्रेकर व त्यांचे सहकारी यांनीं प्रथम इंग्रेस नांवाचें दप्तर रचलें आणि १९८६ सालीं पोस्टग्रेसच्या कामास आरंभ केला. १९९६ सालीं त्याला सध्यांचें लांबलचक नांव मिळालें. याचाच भाऊबंद शोभेल असा मायएस्‌क्यूएल १९९५ सालीं स्वीडनमध्यें निघाला. त्याच्या जनकांपैकीं मायकेल विडेनिअस यांनीं तें नांव आपल्या 'माय' या मुलीवरून ठेवलें, आणि २००९ सालीं त्यांतूनच फुटलेल्या शाखेला धाकट्या मुलीवरून मारियाडीबी म्हटलें.

या विद्येचें माहेर परदेशांत असलें तरी आपलीं उपनगरें तिला परकीं नाहींत. पवईच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक एस. सुदर्शन हे, सिल्बरशॅट्स व कॉर्थ यांच्यासह, ज्या पाठ्यपुस्तकाचे कर्ते आहेत, त्यावरून देशोदेशींचे विद्यार्थी हा विषय शिकतात. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमानें मुक्त आज्ञावलींवरील छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठींतहि करून ठेवले आहेत. तेव्हां शिकूं इच्छिणाऱ्यास दूर जावें लागत नाहीं.

हीं दप्तरें मुक्तस्रोत आहेत. म्हणजे त्यांची घडण कोणासहि उघडून पाहतां येते, बदलतां येते, आणि तीं वापरण्यास दाम पडत नाहीं. धर्माच्या गाईचे दांत मोजूं नयेत हें खरें. पण गाय धर्माची असली तरी तिचें वैरणपाणी आपल्यालाच पाहावें लागतें. ज्याच्याकडे धांव घ्यावी असा विक्रेता येथें नसतो. म्हणून वाचनालयाच्या किंवा सोसायटीच्या कार्यकारिणींत निदान एका माणसाला तरी या गाईची प्रकृति कळली पाहिजे.

प्रकृति कळण्याचें साधन दप्तरदार स्वतःच देतो. त्याच्याजवळ दोन वह्या असतात, आणि त्यांतला भेद ज्याला उमगला त्याला अर्धा विषय उमगला. पहिलीला मी हकीगतवही म्हणतों. आपण केव्हां जागे झालों, केव्हां झोपलों, कोण दाराशीं आलें, कोणाला नकार दिला व कां दिला, हें सारें तो तारीख व वेळ घालून तींत लिहून ठेवतो. पडद्यावर दिसणारें वाक्य हा केवळ दारांतल्या शिपायाचा निरोप असतो आणि तो मुद्दाम त्रोटक ठेवलेला असतो. कोणी परका माणूस खोटें नांव सांगून आंत शिरूं पाहत असेल, तर नांव चुकलें कीं परवलीचा शब्द चुकला हें त्याला कशाला सांगावें? बाहेर एवढेंच सांगितलें जातें कीं प्रवेश नाकारला. असें नांवच दप्तरांत नाहीं, हा खुलासा हकीगतवहींत असतो. म्हणून दप्तर उघडेनासें झालें कीं पहिलें काम म्हणजे या वहीचें शेवटचें पान वाचणें. पुष्कळ लोक तें न करतां सारें काढून नव्यानें बसविण्यास धांवतात. त्यानें मूळ कारण बहुधा तसेंच राहतें, आणि काढण्याच्या धांदलींत आज्ञावलीबरोबर दप्तरहि काढून टाकलें जाण्याचें भय असतें.

हकीगतवहीच्या आधारें पाहतां, नव्यानें बसविलेला दप्तरदार उठत नाहीं याचीं कारणें बहुधा तीन असतात. पहिलें मालकीचें. पोस्टग्रेस संगणकाच्या सर्वाधिकाऱ्याच्या नांवानें काम करावयास साफ नाकारतो. त्याला स्वतःच्या नांवाचा वेगळा, मर्यादित अधिकाराचा सेवक लागतो, आणि दप्तराचा फोल्डर त्याच सेवकाच्या मालकीचा व इतरांस बंद असावा लागतो. कोणी मोठ्या उत्साहानें दप्तर नव्या डिस्कवर हलवितो, त्यांत मालकी बदलते, आणि दप्तरदार रुसतो. दुसरें कारण जागेचें. प्रत्येक सर्व्हर एका ठराविक क्रमांकाच्या खिडकीशीं बसतो. पोस्टग्रेसची खिडकी ५४३२ व मायएस्‌क्यूएलची ३३०६. एका खिडकीशीं दोघे बसूं शकत नाहींत. डेबियन व उबुंटू या लिनक्सच्या जातींमध्यें नवी आवृत्ति जुनीच्या शेजारीं बसली, कीं तिला आपोआप ५४३३ ही पुढची खिडकी मिळते. मग लोक नव्या खिडकीशीं जातात, तेथें दप्तर रिकामें दिसतें, आणि सारें गेलें म्हणून हाय खातात. वास्तविक त्यांचीं टिपणें शेजारच्या खिडकीमागें सुखरूप असतात.

तिसरें कारण आवृत्तीचें. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ति दरवर्षीं निघते व प्रत्येकीची देखभाल पांच वर्षें केली जाते. एका मोठ्या आवृत्तीनें रचलेलें दप्तर दुसरी मोठी आवृत्ति जशाच्या तशी उघडीत नाहीं. तें नियमानें रूपांतरित करून घ्यावें लागतें, आणि तोंवर नवा दप्तरदार जुन्या दप्तरास हात लावीत नाहीं. या तिन्ही प्रसंगीं एक गोष्ट समान आहे. दप्तरदार बिघडलेला नसतो. आपल्या हातून टिपणांची नासाडी होऊं नये म्हणून तो थांबलेला असतो. नकार हें त्याच्या इमानाचें लक्षण आहे, आणि त्या नकाराचें कारण विचारणें हें आपलें काम.

दप्तरदार उठला, तरी तो आपल्याला आंत घेईलच असें नाहीं. आरंभीं तो केवळ स्वतःच्याच संगणकावरून आलेली हांक ऐकतो. शेजारच्या टेबलावरच्या संगणकाला तो बहिरा असतो. त्याला बाहेरचें ऐकावयास सांगून पुन्हां उठवावें लागतें. त्यानंतर प्रवेशाची यादी. आपल्या इमारतीच्या फाटकावर पहारेकऱ्याजवळ जशी यादी असते, तशीच ही: कोण, कोठून आला, त्याला कोणत्या दप्तरांत व कोणत्या खुणेनें सोडावें. पहारेकरी ती वरून खालीं वाचतो आणि जी पहिली ओळ लागू पडेल तिच्यावरच निकाल देतो. वरच्या ओळींत नकार लिहिला असेल, तर खालीं आपण कितीहि ठळक अक्षरांत परवानगी लिहिली, तरी तेथवर तो पोहोंचतच नाहीं. या लहानशा नियमामुळें लोकांचे तासन्‌तास वायां जातात. वैतागून कोणीतरी अगदीं वर एक ओळ लिहितो कीं कोणीहि येवो, खूण न मागतां सोडावें. दार तत्काळ उघडतें, सर्वांना आनंद होतो, आणि ती ओळ पुसावयाची राहून जाते. त्या दिवसापासून सभासदांचे पत्ते व दूरध्वनि क्रमांक रस्त्यावर मांडल्यासारखेच होत.

यापुढचा प्रकार आपणां मराठी लोकांच्या खास वांट्याचा. दप्तर उघडतें, पण जेथें ग्रंथाचें नांव लिहिलें होतें तेथें प्रश्नचिन्हांची रांग उभी असते. संगणक अक्षरें ओळखीत नाहीं, आंकडे ओळखतो. कोणत्या आंकड्याला कोणतें अक्षर मानावयाचें याची एक सारणी असते, आणि ती लिहिणारा, सांठविणारा व दाखविणारा या तिघांची एकच असावी लागते. मायएस्‌क्यूएलमध्यें २०१८ सालीं आठवी आवृत्ति येईपर्यंत, वेगळें सांगितलें नाहीं तर, पश्चिम युरोपांतील भाषांची सारणी गृहीत धरली जाई, आणि तींत देवनागरीला जागाच नाहीं. येथें एक भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. अक्षरांच्या जागीं खरोखरच प्रश्नचिन्हें सांठविलीं गेलीं असतील, तर मूळ मजकूर गेला. तो कोणत्याहि उपायानें त्यांतून परत मिळत नाहीं. पण त्या जागीं टोप्या व शेपट्या असलेलीं चमत्कारिक रोमन अक्षरें दिसत असतील, तर बहुधा आंकडे शाबूत असून नुसती सारणी चुकलेली असते, आणि मजकूर सोडवितां येतो. म्हणून पहिल्याच दिवशीं एक मराठी नांव लिहावें, दप्तर मिटावें, पुन्हां उघडावें आणि तें वाचून पाहावें. पोस्टग्रेसमध्यें ही सारणी दप्तर निर्माण करतांनाच ठरते, मागाहून बदलत नाहीं. तेव्हां ही तपासणी उद्यांवर टाकूं नये.

सर्व लिपींना सामावणाऱ्या युनिकोडच्या नेहमींच्या मांडणींत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. मोडी लिपीला युनिकोडमध्यें २०१४ सालीं स्थान मिळालें, आणि तिच्या एका चिन्हाला चार बाइट लागतात. मायएस्‌क्यूएलची जुनी 'यूटीएफ-८' सारणी तीन बाइटांपर्यंतच धरी. म्हणजे तींत देवनागरी मावे व मोडी मावत नसे. जुने मोडी कागद ज्या संस्थेजवळ आहेत, तिनें चार बाइटांची सारणी निवडली पाहिजे. अक्षरांच्या क्रमाचीहि अशीच गोष्ट आहे. शाळेंत आपण ह नंतर ळ, क्ष, ज्ञ असें म्हणतों. संगणकाचा सर्वसाधारण क्रम मात्र ळ ला ल च्या शेजारीं बसवितो व क्ष ला क च्या पोटांत घालतो. पोस्टग्रेसमध्यें भाषेनुसार क्रम निवडण्याची सोय आहे. सूचींत क्षीरसागर हें आडनांव सांपडत नसेल, तर तें हरवलें असें समजण्यापूर्वीं क मध्यें शोधून पाहावें.

आतां त्या शनिवारच्या सकाळकडे वळूं या. मीं हकीगतवही उघडली. शेवटच्या ओळींत स्पष्ट लिहिलें होतें कीं यंत्रावर जागा उरलेली नाहीं, पुढें लिहितां येत नाहीं, म्हणून थांबतों. तरुणाचें निदान बरोबर होतें; चुकत होता तो उपाय. कारण ज्या फोल्डरला तो केर समजत होता ती दप्तरदाराची दुसरी वही होती.

ही दुसरी वही काय असते, तें आपल्या पेढीवरच्या जुन्या रिवाजावरून चटकन ध्यानांत येईल. दुकानांत व्यवहार घडला कीं मुनीम तो प्रथम रोजकीर्दींत टिपतो. मग सवडीनें खातेंवार खतावणींत चढवितो. खतावणी चढवितांना दिवा विझला आणि निम्मीं खातीं तशींच राहिलीं तरी बिघडत नाहीं; रोजकीर्द शाबूत आहे तोंवर खतावणी पुन्हां पुरी करतां येते. पोस्टग्रेस अगदीं असाच वागतो. प्रत्येक फेरफार तो प्रथम रोजकीर्दींत लिहितो, ती डिस्कवर पक्की उमटल्याची खात्री करून घेतो, आणि तेव्हांच आपल्याला 'झालें' म्हणून सांगतो. खरे तक्ते तो मागाहून, थोडथोड्या वेळानें, अद्ययावत करतो. म्हणजे कोणत्याहि क्षणीं तक्ते थोडे शिळे असतात आणि ताजें सत्य रोजकीर्दींत असतें. ती रोजकीर्द १६ मेगाबाइटांच्या पानांची असते. तीं पानें पुसलीं असतीं, तर दप्तरदाराला आपण कोठवर आलों होतों याचा ठाव लागला नसता. तो उठलाच नसता, आणि बळेंच उठविला असता तर अर्धवट चढविलेल्या खतावणीवर विसंबून उठला असता. बाईंचे दोन उन्हाळे त्या पांच मिनिटांत गेले असते, आणि जुन्या वह्या तर आधींच रद्दींत गेल्या होत्या.

त्या तरुणाला मी दोष देत नाहीं. इंग्रजींत हकीगतवहीलाहि लॉग म्हणतात आणि रोजकीर्दीलाहि लॉगच म्हणतात, आणि त्या काळीं रोजकीर्दीच्या फोल्डरच्या नांवांत तो शब्द उघड होता. जगांत इतक्या लोकांनीं तो केर समजून पुसला, कीं २०१७ सालीं दहाव्या आवृत्तींत पोस्टग्रेसच्या कर्त्यांनीं त्या फोल्डरचें नांवच बदलून टाकलें, आणि त्याच जातीच्या दुसऱ्या एका फोल्डरचेंहि बदललें. आंतलें काम तेंच राहिलें. केवळ नांव असें दिलें कीं पुसणाऱ्याचा हात थबकावा.

मग आम्हीं काय केलें? त्याच डिस्कवर जुन्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांचीं छायाचित्रें ठेवलेलीं होतीं, त्यांचा दप्तराशीं संबंध नव्हता. तीं दुसऱ्या डिस्कवर नकलून, नकला उघडून पाहून, मग मूळ जागेवरून काढलीं. थोडी जागा मोकळी झाली. दप्तरदाराला उठविलें, त्यानें रोजकीर्द वाचली, राहिलेलीं खातीं चढविलीं, आणि तयार असल्याचें हकीगतवहींत लिहिलें. सारी सूची जागच्या जागीं होती. पण रोजकीर्द एवढी फुगली कशानें? तिचीं भरलेलीं पानें कपाटावरील बाहेरच्या डिस्कवर नकलून ठेवावीं अशी व्यवस्था मींच करून दिली होती. नक्कल झाल्यावांचून दप्तरदार जुनें पान सोडीत नाहीं. त्या बाहेरच्या डिस्कची पिन काढून त्या जागीं कोणीतरी मोबाईलचा चार्जर लावला होता, आणि कित्येक आठवडे नकलेवांचून पानें सांचत होतीं. हकीगतवहींत त्याची तक्रार रोज लिहिली जात होती. ती वाचण्याचें काम कोणाचें, हें मीं ठरवून दिलें नव्हतें. चूक चार्जरवाल्याची नव्हे, माझी होती.

या रोजकीर्दीचें महत्त्व आपल्या शहरानें एकदां एकाच वेळीं अनुभवलें आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास वीजवाहिन्यांच्या जाळ्यांत बिघाड होऊन मुंबई व उपनगरें अंधारांत गेलीं, लोकल गाड्या जागच्या जागीं थांबल्या, आणि कित्येक भागांत वीज येण्यास तासन्‌तास लागले. अशा वेळीं जे संगणक घाव घातल्यासारखे बंद पडतात, त्यांवरील दप्तरदार वीज येतांच आपली रोजकीर्द वाचीत उठतो. त्या वाचनाला वेळ लागतो. तेवढ्यांत अधीर होऊन त्याला पुनःपुन्हां ठार करणें व उठविणें हें उपचाराच्या नांवाखालीं केलेलें उपद्रवच होय. त्याचप्रमाणें कामाचा वेग वाढावा म्हणून, रोजकीर्द डिस्कवर पक्की उमटली कीं नाहीं हें पाहण्याची त्याची संवय बंद करण्याची एक कळ असते. तिला हात लावूं नये. तो वेग वीज जाईपर्यंतचाच असतो.

परंतु रोजकीर्द झाली तरी ती त्याच घरांत असते. डिस्कच निकामी झाली, किंवा माणसाच्याच हातानें सारें पुसलें गेलें, तर उपयोग नकलेचा. येथें एक जगप्रसिद्ध प्रसंग सांगतों. गिटलॅब नांवाची संगणकक्षेत्रांतली एक नामांकित संस्था पोस्टग्रेसच वापरीत असे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं तेथील एक थकलेला तज्ज्ञ दुय्यम सर्व्हरवरील फोल्डर रिकामा करावयास गेला आणि चुकून मुख्य सर्व्हरवरचा रिकामा करून बसला. सुमारें ३०० गिगाबाइट दप्तर पाहतां पाहतां नाहींसें झालें. नकलांची व्यवस्था एक नव्हे, पांच प्रकारची होती. पाहूं गेलें तों रोजची नक्कल कित्येक दिवस निघतच नव्हती, कारण दप्तर नव्या आवृत्तीचें आणि नक्कल काढणारें अवजार जुन्या आवृत्तीचें होतें. आणि नक्कल फसल्याची सूचना देणारीं पत्रें वाटेंतच नाकारलीं जात होतीं. शेवटीं कोणीतरी योगायोगानें सहा तासांपूर्वीं हातानें घेतलेल्या एका प्रतीवर सारें उभें करावें लागलें, आणि मधल्या सहा तासांतील नोंदी गेल्या त्या गेल्याच. या संस्थेचा मोठेपणा असा, कीं तिनें ही हकीगत न लपवितां सर्वांपुढें मांडली. तिचें तात्पर्य एकच: जी नक्कल पुन्हां उघडून पाहिलेली नाहीं, ती नक्कल आहे असें धरून चालूं नये.

नक्कल कोठें ठेवावी, हें उपनगरांतल्या माणसाला कोणी शिकवावयास नको. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिठी नदीच्या कांठच्या वस्तींत तळमजल्यांवर पुरुषभर पाणी चढलें. कागदाचें दप्तर व संगणकाचें दप्तर यांत त्या पाण्यानें कांहीं भेद केला नाहीं. मूळ प्रत टेबलावर व नक्कल त्याच खोलींतील कपाटाच्या खालच्या खणांत असेल, तर पुराच्या दृष्टीनें ती एकच प्रत. निदान एक नक्कल दुसऱ्या इमारतींत, शक्य तर दुसऱ्या गांवीं, आणि कुलुपाखालीं असावी. कारण नकलेंतहि सभासदांची तीच खासगी माहिती असते.

त्या वाचनालयांत आतां दोन नेम ठरले आहेत. रोज संध्याकाळीं दार लावण्यापूर्वीं हकीगतवहीचें शेवटचें पान कोणीतरी वाचतो आणि भिंतीवरील कोष्टकांत आपली सही करतो. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं तोच तरुण स्वयंसेवक, एका जुन्या संगणकावर, महिन्याची नक्कल उघडून तिच्यापासून सारें दप्तर नव्यानें उभें करतो. मग बाई त्याला मनांत येईल त्या पुस्तकाचें नांव विचारतात. तें निघालें, त्याचा क्रमांक जुळला आणि अक्षरें नीट दिसलीं, कीं कोष्टकांत ती तारीख लिहिली जाते. या कामास अर्धा तास लागतो. गेल्या भेटींत मीं कोष्टक पाहिलें, तेव्हां मधली एक तारीख कोरी होती. मीं विचारलें, तर बाई म्हणाल्या, "त्या महिन्यांत नक्कल उघडली नाहीं, म्हणून तारीख लिहिली नाहीं. दुसऱ्या दिवशीं नवी काढली, ती खालीं लिहिली आहे." मला वाटतें, दप्तर सांभाळण्याची विद्या त्या कोऱ्या रकान्यांत पुरी आली. आपल्या सोसायटीच्या, शाळेच्या किंवा वाचनालयाच्या पुढील सभेंत श्रोत्यांनीं एवढाच प्रश्न विचारावा, कीं आपली नक्कल शेवटीं केव्हां उघडून पाहिली? उत्तरादाखल एखादी तारीख मिळाली तर उत्तम. न मिळाली, तर येत्या रविवारीं काय करावयाचें तें आपणांस आतां ठाऊक आहे.